खांद्याचं द्या

मागच्या रविवारी चर्च सुटल्यावर तशीच पुण्याच्या कॅम्पात शिवाजी मार्केटला बीफ घ्यायला गेले. माझ्या पुढे एक मुलगा उभा होता, पंचविशीतला असेल, पाठीला लॅपटॉपची सॅक, हातात मोबाईल. मोबाईलवर जनावराचं चित्र आणि नकाशात जिल्हे दाखवतात तसे त्यावर रंगीत भाग पाडलेले. तो गाळ्यावर मांस कापणाऱ्या चाचांना विचारत होता, "चक है क्या? बोनलेस चक, एक किलो." चाचांनी चित्राकडे पाहिलं, सुरी सळईवर घासली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात तेच त्यालाही विचारलं, "बनानेका क्या है?" मुलानं परत मोबाईल पुढे केला. चाचांनी परत तेच विचारलं. शेवटी तो माझ्याकडे वळला आणि अगदी हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "आंटी, तुम्ही नेहमी इथून घेता का? मला स्ट्यू करायचाय. यातलं कुठलं घेऊ?"

तो हळू आवाज अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

त्याला मी सांगितलं, खांद्याचं घे. त्याच्या चित्रात जे चक लिहिलं होतं ते खांदा आणि मानेच्या मुळाचा भाग, म्हणजे समोर आकड्याला टांगलेलंच होतं, त्याला फक्त दिसत नव्हतं, कारण चित्रात तो सरळ रेषांचा निळा चौकोन होता आणि इथे एक मोठा ओबडधोबड, लाल-काळसर मांसाचा भाग, मधून पांढरे पडदे गेलेले, एका कडेला चरबीची जाड पट्टी. त्यात या परदेशी चित्रांचंही एकमेकांशी जमत नाही. अमेरिकेत जनावर एका तऱ्हेनं कापतात, इंग्लंडमधे दुसऱ्या, त्यामुळे इंग्लंडमधला माणूस ज्याला रंप म्हणतो तो तुकडा अमेरिकेत सरलॉइन म्हणून विकतात, आणि अमेरिकन माणूस सरलॉइन मागायला इंग्लंडमधे गेला तर पाठीचा वेगळाच भाग हातात पडतो. आपल्याकडे तर चाचा गिऱ्हाईक बघून, भांडं विचारून, किती जण खाणार ते विचारून कापतात. रेसिपीतलं इंग्रजी नाव तोंडपाठ करून उपयोग नाही, ते मांस जनावराच्या अंगावर कुठे होतं आणि तिथे बसून काय काम करत होतं एवढं कळलं की बाकीचं आपोआप सुचतं.

काम हाच सगळ्याचा हिशेब आहे. जनावर दिवसभर चालतं, मान खाली घालून चरतं, स्वतःचं वजन पुढच्या पायांवर पेलतं, म्हणून खांदा, मान, सीना म्हणजे छाती, आणि पायाची नळी हे सगळे कष्टाचे भाग. कष्टाच्या मांसात ते पांढरे, चिवट पडदे जास्त, त्याला शास्त्रात कोलॅजेन म्हणतात. घाईघाईत परतलं तर हे मांस चप्पल होतं, कारण साठ अंशांच्या आसपास ते पडदे आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. पण तुम्ही धीर धरला, झाकण ठेवून मंद आचेवर तासन्‌तास राहू दिलं, की सत्तर अंशांच्या पुढे तेच पडदे हळूहळू विरघळायला लागतात, रस्सा ओठाला चिकटायला लागतो आणि मांस चमच्यानं सुटतं. म्हणून स्ट्यूला खांदा, निहारीच्या रश्श्याला नळी, हे कुणी हौसेनं ठरवलेलं नाही. आणि पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला, किडनीजवळून जाणारा लांबट, गुळगुळीत स्नायू आहे ना, ज्याला कॅम्पात सगळे अंडरकट म्हणतात, त्याला आयुष्यभर फारसं कामच नसतं, त्यामुळे तो लोण्यासारखा. एका जनावरात दोनच निघतात, भाव चढा असतो, आणि बहुतेक आधीच कुणीतरी सांगून ठेवलेले असतात.

त्या मुलाची नजर त्या अंडरकटवरच गेली होती. साहजिक आहे, दिसायलाच तो सुबक. "हे बेस्ट ना?" म्हणाला. मी म्हटलं बेस्ट आहे, पण तव्यावर मिरी घालून पाच-सात मिनिटांत काढायचं असेल तर. तीन तास शिजवलंस तर त्यात विरघळायला काही नाही, कोरडा दोऱ्या-दोऱ्यांचा गोळा हातात येईल, आणि पैसेही जास्त गेलेले. चाचा मान डोलवत होते. मग त्यांनी खांद्याचा तुकडा चिंचेच्या ओंडक्यावर टाकला, वरचा जाड, चामड्यासारखा पापुद्रा सुरीच्या टोकानं एका ओढीत सोलला, आतले बारीक पडदे मात्र तसेच ठेवले, आणि मुठीत मावतील एवढे मोठे तुकडे केले. मुलगा म्हणाला छोटे करा ना. चाचांनी नाही केले. शिजल्यावर तुकडा आकसतो, आणि छोटा तुकडा तीन तासांत रश्श्यात हरवून जातो, हे त्यांनी त्याला समजावलं नाही, नुसतं "घर जाके देखना" म्हणाले. समजावलं मी.

माझ्या आईचा पॉट रोस्ट याच खांद्याचा असायचा. आम्ही गुरुवार पेठेत, पंचहौदच्या चर्चजवळ राहायचो, आणि नाताळ, ईस्टर किंवा घरात बाप्तिस्मा असला की आदल्या दिवशी पप्पा सायकलवर कॅम्पात जाऊन अख्खा एक तुकडा आणायचे, न कापलेला. आई त्याला सुईनं टोचून आत लवंगा आणि लसणाच्या पाकळ्या खोचायची, मीठ, मिरी आणि व्हिनेगर चोळून रात्रभर ठेवायची, आणि सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात चारी बाजूंनी काळपट लाल होईपर्यंत भाजून, कपभर पाणी घालून झाकण लावायची. झाकणावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा. दुपारपर्यंत त्या वासानं वाड्यातली पोरं आमच्या दारात. कापताना मात्र ती कुणाला हात लावू द्यायची नाही. तुकडा फिरवून फिरवून दोरे कुठल्या दिशेला जातायत ते बघायची आणि त्या दोऱ्यांना आडवी सुरी लावायची, कारण दोऱ्यांच्या दिशेनं कापलं तर घासात लांबच लांब दोरे येतात, आणि आडवं कापलं की दोरे कापले गेल्यानं तेच मांस मऊ लागतं. इतकी साधी गोष्ट आहे, आणि अर्ध्या रेसिपींमधे लिहिलेलीच नसते.

तेव्हा ते बैलाचं असायचं. गाय १९७६ च्या कायद्यानं आधीच बंद होती, २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळूही बंद झाले, तेव्हापासून मार्केटात जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. बाकी चर्चा तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, मी स्वयंपाकघराचं सांगते. म्हशीचं मांस जास्त गडद, दोरा जाड, आत चरबीचं जाळं जवळजवळ नाहीच. चरबी असते ती बाहेरच्या बाजूला आणि पांढरीशुभ्र. गवतातला पिवळा रंग म्हशीचं शरीर साठवत नाही, त्याचं व्हिटॅमिन ए करून टाकतं, म्हणून तर म्हशीचं दूध पांढरं आणि गाईचं पिवळसर, चरबीचंही तसंच. स्टेकचे परदेशी व्हिडिओ बघून आपल्याकडचा तुकडा तसाच तव्यावर टाकला की लोक निराश होतात ते यामुळे. व्हिडिओतलं जनावर दीड-दोन वर्षांचं, धान्यावर पोसलेलं, कापल्यावर आठवडा-दोन आठवडे थंडीत टांगून मुरवलेलं. आपल्याकडे बऱ्याचदा कित्येक वेतं दूध देऊन भाकड झालेली म्हैस असते. वय वाढलं की ते पांढरे पडदे आणखी घट्ट विणले जातात आणि विरघळायला जास्त वेळ घेतात. आईच्या वहीत रोस्टला जेवढा वेळ लिहिलाय त्यात मी आता सरळ तासभर वाढवते. कुकरमधे हा वेळ कमी होतो हे खरं, आत तापमान शंभरच्या बरंच वर जातं, पण मला रोस्ट कुकरमधला आवडत नाही, बाहेरून फाटतो आणि वासही बंद डब्यातला येतो. रस्सा असेल तर कुकर जरूर लावा.

बघून कसं ओळखायचं, हे त्यानं विचारलं, आणि मला बरं वाटलं की त्यानं विचारलं. दोरा बारीक आणि रंग त्यातल्या त्यात उजळ असेल तर जनावर तरुण, दोरा जाड आणि रंग जांभळट काळा असेल तर वयस्कर. बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून आला पाहिजे. हात ओला झाला तर चालेल, चिकट होता कामा नये. वास जवळजवळ नसावाच, असलाच तर लोखंडासारखा. पिशवीत तळाला लाल पाणी जमतं त्याला लोक रक्त समजून घाबरतात, ते रक्त नसतं, स्नायूतला रंग पाण्यात उतरलेला असतो. आणि ताजं ताजं म्हणून पहाटे कापलेलं दुपारी शिजवायचा हट्ट असतो ना, तो मला पटत नाही. मेल्यावर काही तासांत सगळे स्नायू ताठरतात, आणि एवढ्या मोठ्या जनावराचा ताठरपणा सैल व्हायला दिवस-दीड दिवस तरी जातो. म्हणून मी रविवारी आणलेलं सोमवारी संध्याकाळी शिजवते, फ्रीजमधे खालच्या कप्प्यात, झाकून. कच्ची पपई लावायची तर ती सालासकट आणि अगदी थोडी, आणि खांद्याला नाहीच, पसंद्यांना. पसंदे म्हणजे मांडीच्या मांसाचे पातळ काप, तिथे पडदे कमी आणि दोरा सरळ असतो, ते आडवे कापून, सुरीच्या पाठीनं ठोकून घ्यायचे.

खिम्याचं थोडक्यात सांगते. खांद्याचाच घ्या, त्यात किलोला शंभर-दीडशे ग्रॅम सीन्याची चरबी घालायला सांगा, आणि मशीनमधून डोळ्यांसमोर काढून घ्या. चरबी काढून टाकलेला म्हशीचा खिमा कटलेटमधे भुशासारखा लागतो, वरून कितीही बटाटा घाला.

हे सगळं बोलताना माझ्या मनात आजी होती. पप्पांची आई, नगर जिल्ह्यातली, नेवाशाकडची. तिच्या हातच्या चान्या मी लहानपणी खाल्ल्यात. मांसाच्या लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि अंगणात दोरीवर उन्हात वाळत घालायच्या. आजी त्या दोऱ्यांच्या दिशेनंच कापायची, आईच्या बरोबर उलट, कारण आडवी कापलेली पट्टी दोरीवर टिकत नाही, स्वतःच्या वजनानं तुटून पडते. मग पावसाळ्यात काही नसलं की त्या चान्या निखाऱ्यावर भाजून, दगडानं ठेचून डाळीत टाकायच्या. ठेचताना दोरे मोडायचे, म्हणजे सुरीचं काम दगड करायचा. आजीनं त्या बाजारातून विकत आणलेल्या मांसाच्या केल्या, पण हात तिच्या सासूकडून आलेला होता, आणि सासूच्या काळात विकत कोण घेतंय. गावातलं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या माणसांकडे आणि त्याचं मांस हाच मोबदला. कुठला भाग हवा हे विचारणारा चाचा तिथे नव्हता. म्हातारं, रोगानं नाहीतर कामानं मेलेलं जनावर, उन्हात पडलेलं, आणि त्यातून मुलांच्या पोटात जाईल असं काहीतरी काढायचं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते आमच्या ख्रिस्ती झालेल्या घरातही पोचलं होतं, आजी सांगायची. सोडलं ते बरंच केलं. आणि तरीही कुठला पडदा किती वेळ शिजतो, वजरी, म्हणजे जनावराचं पोट, चुन्यानं कशी साफ करायची, नळीतली मगज हाड न फोडता कशी निघते, हे ज्ञान त्या उपाशी बायांनी मिळवलेलं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी घशाशी काहीतरी येतं, दोन्ही एकदम. आई खांद्याचं द्या म्हणू शकली, म्हणजे दुकानासमोर उभी राहून, पैसे देऊन, हा नको तो द्या म्हणू शकली, ही आमच्या घरात दोन पिढ्यांनी कमावलेली गोष्ट आहे.

म्हणून तो हळू आवाज लागला.

तो मुलगा काही बेकायदा घेत नव्हता. उघड्या मार्केटात, इंग्रजांच्या वेळच्या दगडी इमारतीत, तपासणी होऊन आलेलं मांस पैसे मोजून घेत होता. तरी आवाज आपोआप खाली गेला. मला ते ओळखीचं आहे, आम्हीही शाळेच्या डब्यात कधी नेलं नाही, कुणी विचारलं तर मटण म्हणायचं असं घरात न सांगता ठरलेलं होतं, आणि आई मार्केटला जाताना एका कापडी पिशवीत दुसरी पिशवी घेऊन जायची. आज त्या मुलाच्या घरमालकानं फ्लॅट देताना काय शिजवणार हे विचारलेलं असणार. मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात गेलंय, हे त्याच्या निम्म्याहून कमी भावात, इतकं प्रोटीन असलेलं, तरी याची ओळख मुलांना घरात कुणी करून देत नाही. कोथिंबीर कशी निवडायची, वांगं किडकं कसं ओळखायचं, पापलेटचे कल्ले कसे बघायचे, हे आई-मावशा सहज सांगतात, मंडईत उभं राहून मोठ्यानं सांगतात. इथे सांगणारं कुणी नाही म्हणून पोराला अमेरिकेतलं चित्र शोधावं लागतं. आवाज खाली गेला की फक्त बोलणं थांबत नाही, शिकवणं पण थांबतं.

दुसऱ्या टोकाला चाचा आहेत. २०२१ च्या मार्चमधे मार्केटला आग लागली, बरेच गाळे जळले, त्यातून सगळे सावरले. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभर कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली, गोरक्षक रस्त्यात गाड्या अडवतात, मारहाण होते, कागद असले तरी जनावरं काढून घेतात म्हणून. त्या दिवसांत चाचा रिकाम्या ओंडक्याजवळ खुर्ची टाकून बसलेले मी पाहिलेत. त्यांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात लागलाय, आणि चाचांनीच त्याला तिकडे घातलं. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं काय होतं. पण मला काळजी वाटते, अगदी स्वार्थी काळजी. खांदा कुठे संपतो आणि सीना कुठे सुरू होतो हे त्यांच्या हाताला कळतं, सुरी अडली की ते जोर लावत नाहीत, सांधा शोधतात, आणि हाड न मोडता पाय वेगळा होतो. हे उद्या पाकिटातल्या गोठवलेल्या चौकोनी तुकड्यांत नसणार. त्या पाकिटावर बोनलेस एवढंच लिहिलेलं असतं, खांदा आणि मांडी त्यात एकत्र, म्हणजे शिजताना अर्धे तुकडे विरघळणार आणि अर्धे चिवट राहणार. काय बनवणार असं पाकीट विचारत नाही.

त्या मुलाला जाताना मी नंबर दिला. रात्री त्याचा फोटो आला, पातेलं, गाजरं, वर तेलाचा तवंग, आणि खाली विचारलंय की अजून किती वेळ. मी लिहिलं, काटा घालून फिरव, तुकडा स्वतःहून सुटला तर झालं, नाही सुटला तर झाकण ठेव आणि परत बघू नकोस. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की पुढच्या वेळी नळी घेऊ का. म्हटलं घे, पण चाचांना आधी सांग, आणि काय बनवणार ते मोठ्यानं सांग.

मी स्वतः या नाताळची जीभ आत्ताच सांगून ठेवलीय. आई ती मीठ, साखर, लिंबाचा रस आणि चिमूटभर सोरा लावून चिनी मातीच्या बरणीत वजनाखाली ठेवायची, रोज उलटायची. मी सोरा घालत नाही, त्यामुळे रंग गुलाबी न येता राखाडी येतो, चवीत मला फरक वाटत नाही. उकडल्यावर वरची जाड, खरखरीत साल गरम असतानाच ओढायची, बोटं भाजतात पण सबंध निघते, गार झाली की चिकटून बसते आणि मग सुरीनं खरवडावी लागते. चाचा म्हणाले डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या, दोन मागणारी गिऱ्हाइकं आधीच आहेत, तिसरी तुमची.